लाटा नाहीत, तिथेच ओढ

सहलीची बस किनाऱ्यावर थांबली की मुले चपला हातात घेऊन पाण्याकडे धावतात. मोठ्या लाटांना बिचकणारी मुले मग लाटा कमी दिसतात तिथे उतरतात. धोका बऱ्याचदा नेमका तिथेच असतो.

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने जोरात समुद्राकडे परतते. हा ‘रिप करंट’. पाणी खोल असल्याने तिथे लाटा फुटत नाहीत. गढूळपणा आणि बाहेर वाहत जाणारा फेस तेवढा दिसतो. वेग कधी सेकंदाला 2 मीटरपर्यंत जातो. लांब पल्ल्याचा ऑलिम्पिक जलतरणपटूही त्यासमोर मागेच सरकेल. मात्र हा प्रवाह खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. बुडतो तो किनाऱ्याकडे झगडून दमलेला. अशा वेळी तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहावे. मित्रांनी पाण्यात उडी घेऊ नये. दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा.

ओहोटीत ही ओढ बहुधा वाढते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला साधारण 3, अष्टमीला 6 वाजता. पुढे सहा तासांनी ओहोटी. इतका सोपा हिशेब!

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. सहलीच्या वेळापत्रकात नाश्ता, किल्ला, जेवण सगळ्यांच्या वेळा असतात. भरती-ओहोटीची सहसा नसते.