जुन्या ट्रॅक्टरचा लोडर उचलत नाही तेव्हा

बालाघाटाच्या माथ्यावरील धारूर परिसरात ज्वारीची रास घरी आल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ हा जमिनीच्या कामाचा काळ होय. पाझर तलावातील गाळ काढून हलक्या, मुरमाड रानात पसरणे, बांध घालणे, उकिरड्यातील शेणखत शेतावर नेणे ही सारी कामे या थोड्या दिवसांतच उरकावी लागतात. राज्य शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतल्यापासून गाळ वाहण्याकडे शेतकऱ्यांचे लक्ष अधिक वेधले गेले आहे. मोठे उत्खनन यंत्र भाड्याने लावणे प्रत्येकास परवडत नाही. म्हणून जुन्या ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवून काम भागविले जाते. हा लोडर ऐन वैशाखात अडून बसला आणि मृगाच्या पहिल्या सरीने तलावाचा तळ भिजला, तर तो गाळ आणखी एक वर्ष तेथेच राहतो, आणि रानही आहे तसेच राहते.

अशा वेळी पंप गेला असे ठरवून तोच प्रथम बदलण्याकडे बहुतेकांचा कल असतो. पंप हा या यंत्रणेतील सर्वांत महाग भागांपैकी एक. तो बदलूनही बकेट उचलत नाही असे झाले, म्हणजे खर्च झाला तो झालाच आणि हंगामाचे दिवसही गेले. आमच्या मते पंपाचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. दोष शोधण्याचा आरंभ तेलापासून करावा व जोपर्यंत दोष पंपात, झडपेत की जॅकमध्ये आहे हे निश्चित झाले नाही, तोपर्यंत पाना हाती घेऊ नये.

यासाठी यंत्रणेचे कार्य थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. पंप तेल पुढे ढकलतो. ते कोठे जावे हे दांडीने हलणारी झडप ठरविते. आणि जॅकमधील दट्ट्या त्या तेलाच्या जोराने सरकतो. ५ सेंटिमीटर आतील व्यासाच्या जॅकच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब आला, तर एकट्या जॅकचा जोर सुमारे २,९०० किलो होतो. लोडरच्या बाहूंच्या लांबीमुळे बकेटपर्यंत त्याचा काही अंशच पोचतो, हे खरे. तथापि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, वजन किती उचलले जाईल हे दाबावर आणि किती वेगाने उचलले जाईल हे तेलाच्या प्रवाहावर अवलंबून असते. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच पुष्कळदा भलताच भाग उघडला जातो.

तेल प्रथम पाहावे

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, बकेट जमिनीस टेकवून, इंजिन बंद केल्यावरच तेलाची पातळी पाहावी. बकेट वर असताना जॅकमध्ये गेलेले तेल मोजपट्टीवर दिसत नाही व मग ओतलेले तेल जास्त होते. ज्या ट्रॅक्टरात गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेल एकच असते, तेथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागे डंपिंग ट्रॉली जोडली की तिचा लांब जॅक याच पेटीतून तेल घेतो. ट्रॉली एकाची व ट्रॅक्टर दुसऱ्याचा असे आपल्याकडे सर्रास चालते. त्यामुळे एकाचे तेल दुसऱ्याकडे जाते आणि जोडणीच्या तोंडाला लागलेली काळी माती त्याबरोबर आत शिरते. ही तोंडे जोडण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने पुसावीत व एरवी त्यांवर टोपण घालावे. एवढ्या एका सवयीने जितके पंप वाचतील, तितके दुरुस्तीने वाचणार नाहीत.

तेलाचा रंगही बोलका असतो. दुधासारखे पांढरट तेल बराच वेळ स्थिर ठेवूनही निवळत नसेल, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पावसात उघड्यावर राहिलेल्या ट्रॅक्टरांत हे नेहमी आढळते. तेलावर फेस असेल व तो उभे केल्यावर विरून जात असेल, तर पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीच्या जोडातून हवा आत जात आहे. हा जोड बाहेरून कोरडा दिसतो, कारण तेथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. अशा जोडावर थोडे तेल लावून पाहिल्यास पंपाचा आवाज क्षणभर बदलतो. पंप घरघरत असेल आणि फेस नसेल, तर गाळणी तुंबली असण्याचा संभव अधिक. इंजिनातून काढलेले जळके तेल हायड्रॉलिकमध्ये घालण्याची काटकसर मुळीच करू नये. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे.

१९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांत हॅरी फर्ग्युसन यांच्या पद्धतीचा पंप मागील पेटीच्या आत, तेलात बुडालेला असतो व तो पी.टी.ओ.च्या दांड्याबरोबर फिरतो. त्यामुळे दुहेरी क्लच असलेल्या अशा ट्रॅक्टरात पाय तळापर्यंत दाबला की पंपही थांबतो. पुढेमागे करताना क्लच पूर्ण दाबून बकेट उचलू पाहणाऱ्या नवख्या चालकास लोडर बिघडल्याचा भास होतो. वस्तुतः काहीच बिघडलेले नसते.

घड्याळाची परीक्षा

नंतर घड्याळ घ्यावे. समजा, जॅकचा आतील व्यास ५ सेंटिमीटर व दट्ट्याची चाल ५० सेंटिमीटर आहे. दोन जॅक भरण्यास सुमारे २ लिटर तेल लागते. मिनिटास २० लिटर देणारा पंप हे काम सुमारे ६ सेकंदांत करील. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर ठेवून रिकामी बकेट उचलण्यास १२ सेकंद लागले, तर निम्मे तेल वाटेतच कोठे तरी हरवत आहे. हीच परीक्षा सकाळी थंड यंत्रावर एकदा व दोन तास काम झाल्यावर एकदा घ्यावी. सकाळी ठीक आणि दुपारी मंद, असे झाल्यास पंप किंवा झडप आतून झिजली आहे, कारण तापलेले पातळ तेल फटींतून परत जाते. सकाळीच मंद असेल, तर तेल जाड आहे किंवा गाळणी तुंबली आहे. रिकामी बकेट चटकन वर जाते, परंतु भरलेली हलत नाही, अशा वेळी दाब सोडणारी सुरक्षा झडप तपासावी. तिच्या बैठकीवर कचरा अडकला असला, तरी असे होते. तिचा स्क्रू अंदाजाने आवळून मात्र पाहू नये. दाब किती वाढला हे कळत नाही आणि नळी फुटते. दाबमापक जोडून क्षणभरच वाचन घ्यावे व ते पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे.

दांडी मध्यावर ठेवूनही उचललेली बकेट खाली येते, ही दुसरी मोठी तक्रार. येथे सील बदलण्याची घाई केली जाते. दोन्ही बाजूंनी तेल घेणाऱ्या जॅकमध्ये केवळ दट्ट्याचे सील गेले असेल, तर बाहू थोडा उतरून थांबतो, कारण दोन्ही वाटा बंद असताना आतील तेलास जायला जागा नसते. बाहू उतरत उतरत थेट जमिनीस टेकत असेल, तर झडप गळते असे धरून चालावे. एकाच बाजूने तेल घेणाऱ्या जॅकचे सील गेल्यास तेल बाहेरच दिसते. बकेट वर जाते पण खाली येतच नाही, असे झाल्यास नळीची जोडणी पूर्ण बसली आहे की नाही ते पाहावे. अर्धवट बसलेल्या तोंडातील गोळी परतीची वाट अडविते.

२०१६ साली केंद्र शासनाने एच.एम.टी.चा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. अशा ट्रॅक्टरांच्या मालकांनी जुने सील फेकून न देता दुकानी न्यावे. जॅकचा आतील व्यास, दांड्याचा व्यास व खाचेची रुंदी मोजून दिल्यास मापाचे सील मिळविता येते. दांड्यावर ओरखडे असतील, तर नवे सीलही फार दिवस टिकणार नाही.

जिवाची काळजी

उचललेल्या बकेटखाली, तिला मजबूत टेकू दिल्याशिवाय, कोणीही जाऊ नये. तेलाच्या भरवशावर तर मुळीच नाही. कोणतीही नळी सोडण्यापूर्वी बकेट खाली टेकवून, इंजिन बंद करून, दांडी दोन्हीकडे हलवून दाब उतरवावा. बारीक गळती बोटाने चाचपून पाहणे अत्यंत धोक्याचे आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. प्रारंभी काटा टोचल्याइतकेच दुखते, काही तासांनी हात सुजतो, आणि उशीर झाल्यास बोट गमवावे लागते. गळतीपुढे पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. त्यावर डाग उमटतो. तेल अंगात शिरलेच, तर घरगुती उपाय न करता तत्काळ अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे व तेल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

भरलेली बकेट घेऊन चालताना ती जमिनीपासून थोडीच वर ठेवावी व मागे वजन जोडावे. धारूर घाटासारख्या उतारावर उंच धरलेली बकेट ट्रॅक्टरास उलथविते. शिवाय जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा आस एवढे ओझे सतत वाहण्यासाठी घडविलेला नसतो. त्याच्या बेअरिंगांची ढिलाई महिन्यातून एकदा पाहावी.

पाऊस सुरू होऊन लोडरचे काम संपले की बकेट टेकवून दांडे शक्य तितके आत घ्यावेत, उघड्या राहिलेल्या भागास ग्रीस लावावे आणि ट्रॅक्टर छपराखाली उभा करावा.