मॅपमधला गुप्त कोड लपवायचा कुठे?

आजचा प्रश्न बऱ्याच जणांचा आहे: "दादा, रोब्लॉक्सवर मॅप बनवला, पण पोरं त्यातला गुप्त कोड काढून घेतात. काय करू?"

समजा, आपल्या सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉलचा मॅप आहे. धबधब्यामागे खोली, ४ अंकी कोड टाकला की उघडते.

नियम एकच: जे खेळणाऱ्याच्या फोनवर पोचलं, ते त्याला वाचता येतं. २००२ साली आलेल्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये मॅपची स्क्रिप्ट फाइलच्या आतच असायची. लोक त्यातली नावं बदलून गिचमिड करायचे. पण गेमला ती वाचावीच लागते, मग चिवट माणूसही वाचतो. त्याला वेळ लागतो, एवढंच.

म्हणून कोड लोकलस्क्रिप्टमध्ये नको. सर्व्हरस्क्रिप्टसर्व्हिसमध्ये ठेवा, ती फोनवर जातच नाही. फोनने रिमोटइव्हेंटमधून टाकलेले अंक पाठवायचे, तपासायचं सर्व्हरने. बक्षीसही कोड जुळेपर्यंत सर्व्हरस्टोरेजमध्येच राहू द्या.

आता, ४ अंकांचे पर्याय होतात फक्त १०,०००. स्क्रिप्ट लावून कोणीही एकेक करून बघेल. ५ चुकांनंतर थोडा वेळ थांबवा.

आणि एकाला कोड सापडला की व्हॉट्सॲपवर सगळ्या गावाला कळतो! त्यामुळे सर्व्हरने प्रत्येक खेळाडूला वेगळा कोड द्यावा, त्याच्या खुणा मॅपमध्ये शोधायला लावाव्यात. मग खोली उघडायला प्रत्येकाला खेळावंच लागेल. मॅप बनवायची मेहनत त्यासाठीच तर केली ना?

करून बघा, अडलं तर विचारा. भेटू पुढच्या भागात!