मूळ कांठाची फळी

करवतीनें चारही कडा सरळ केलेली फळी सर्वांच्या परिचयाची असते. परंतु खोडाचा वळणदार कांठ तसाच राखून कापलेली फळी मेजासाठीं वा बांकासाठीं घेण्याची आवड आतां शहरांतील घरांतही दिसूं लागली आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील आंबा, फणस, जांभूळ, चिंच, बाभूळ हीं झाडें अशी फळी देऊं शकतात. मात्र ती केव्हां कापली, कशी वाळविली आणि कोठून आली, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून व्यवहार करूं नये.

बाभळीचा गाभा कठीण व चिवट असतो; बैलगाडीचीं चाकें व नांगर तिचे करीत, तें याचसाठीं. चिंचेचा काळपट गाभा फार घट्ट, पण लहान असतो. फणसाचें पिवळें लांकूड कालांतरानें तपकिरी होतें. आंबा कापावयास सोपा, परंतु त्यास कीड लवकर लागते.

ओलें लांकूड वाळतांना वर्षवलयांच्या दिशेनें अधिक आंखडतें आणि केंद्राच्या दिशेनें कमी. या विषमतेमुळें खोडाचा मध्यबिंदु जींत आला आहे, ती फळी बहुधा तडकते. टोकांतून ओल लवकर उडते, म्हणून टोकांस मेण किंवा रंग लावतात. फळ्यांमध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या सांवलींत, खेळत्या हवेंत रचाव्या लागतात. जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे. महिन्याच्या अंतरानें केलेलीं दोन वजनें सारखीं भरलीं, तर फळी त्या हवेपुरती वाळली असें समजावें. पण महाबळेश्वरची दमट हवा निराळी आणि माण, जत येथील कोरडी हवा निराळी; म्हणून घरीं आणलेली फळी कांहीं आठवडे तशीच ठेवून मगच तिला हत्यार लावावें.

वाळलेल्या लांकडाची किंमत मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर जाणतात. तेथील सतार व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांसाठीं लागणारें तून झाडाचें लांकूड ओलें राहिलें, तर सांधे उकलण्याचें भय असतें.

साल व तिच्यालगतचें पांढरें लांकूड हें किड्यांचें आवडतें स्थान. तेथें बारीक पिठासारखा भुसा दिसल्यास फळी नाकारावी. सैल साल काढून टाकल्यानें कांठाची शोभा कमी होत नाहीं.

वांकड्या कांठाची रुंदी तीन ठिकाणीं मोजून सरासरी धरावी. ६ फूट लांब, सरासरी १८ इंच रुंद व २ इंच जाड फळी दीड घनफूट भरते. केवळ सर्वांत रुंद जागेचें माप धरल्यास ग्राहक हवेचे पैसे देतो!

बांधावरील झाड शेतकऱ्याच्या मालकीचें असलें, तरी आंबा, फणस, चिंच, जांभूळ हे वृक्ष १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यांत येतात. तोडण्यापूर्वीं परवानगी घ्यावी लागते. ती पाहण्यास मागणें हा विक्रेत्यावरील अविश्वास नव्हे. ज्या आंब्यानें दोन पिढ्यांस सांवली दिली, तो चोरून तोडला गेला नाहीं, एवढी खात्री त्या मेजावर जेवणाऱ्यांना असावयास हवी.