ॲक्सोलोटलच्या टाकीत वाळू घालावी की नुसती काच बरी?

काशीच्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहिले की डोळ्यांत भरते ती वाळू. अलीकडे दगडी घाट, अरुंद गल्ल्या, पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली मराठी घरे. आणि पलीकडे, पंढरपूरची आठवण व्हावी असे लांबच लांब वाळवंट. अशा घरात मुलांच्या हट्टापायी काचेची टाकी आली, टाकीत ॲक्सोलोटल आला आणि तळाशी काय घालायचे असा प्रश्न पडला, तर सर्वात आधी काय सुचेल? हीच वाळू. बारीक, फुकट, शिवाय गंगेची! पण ती आणायला नावेत बसण्यापूर्वी थोडे थांबावे हे बरे.

ॲक्सोलोटल मासा नव्हे. तो बेडकाच्या दूरच्या नात्यातला, मेक्सिकोतला जलचर. चार पाय, रुंद जिवणी, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले. तुटलेला पाय पुन्हा उगवतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे मोठे कौतुक. मेक्सिको शहराजवळचे सोचीमिल्कोचे कालवे हे त्याचे मूळ घर. तेथे १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलोटल होते; २०१४ च्या पाहणीत ३६ उरले. घरोघरी पाळले जातात ते बंदिवासात जन्मलेले.

आता तळाशी त्याचे वैर कसे, ते पाहा. ॲक्सोलोटल चावून खात नाही. त्याचे दात नावापुरते, भक्ष्य धरून ठेवण्यापुरते. समोर काही हलले की तो एकदम जबडा उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढतो. त्याची नजरही अधूच. गांडुळाबरोबर शेजारचा खडाही आत जातो. मत्स्यालयाच्या दुकानात पिशव्या भरून मिळणारे निळे-लाल खडे नेमके त्याच्या घशातून उतरतील एवढेच असतात! उतरतात, आणि पुढे आतड्यात अडकतात. प्राणी खाणे सोडतो, पोट फुगते, तो वेडावाकडा तरंगू लागतो. कधीकधी खडा विष्ठेवाटे पडून जातो, पण त्या आशेवर राहू नये. पोट दाबून खडा काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. अशा प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा.

म्हणून टाकी सजवताना एकच माप लक्षात ठेवायचे: ॲक्सोलोटलचे डोके. त्याहून लहान खडा, शिंपला, काचेची गोटी, काहीही आत नको. मोठे गुळगुळीत दगड चालतील. दगडावर लिंबू पिळून पाहावे; फेस आला तर त्यात चुना आहे. आधीच जड असलेले पाणी अशा दगडाने आणखी अल्कधर्मी होते, आणि तशा पाण्यात प्राण्याच्या मलमूत्रातला अमोनिया अधिक विषारी ठरतो.

मग राहिले काय? नुसती काच. पाच-सहा इंचांपेक्षा लहान पिल्लासाठी यावर वाद नको. काचेचा तळ ओकाबोका दिसतो, पाहुण्यांसमोर टाकी अपुरी वाटते, हे खरे. पण घाण लगेच दिसते आणि रबरी नळीने ओढून काढता येते. तक्रार एकच, की काचेवर पाय घसरतात आणि ॲक्सोलोटल तर तळावर चालणारा प्राणी. त्यावर उपाय म्हणजे स्लेटची फरशी. मुलांच्या दगडी पाटीचा तो दगड, किंचित खरखरीत. कडा घासून घ्याव्यात आणि फरशा एकमेकींना भिडवून बसवाव्यात, नाहीतर फटींत अन्न कुजते.

प्राणी मोठा झाल्यावर वाळू चालते, पण ती एक मिलिमीटरहून बारीक, गोल कणांची, मत्स्यालयासाठी विकली जाणारी. एवढे बारीक कण पोटात गेले तरी सहसा बाहेर पडतात. पाणी नितळ निघेपर्यंत ती धुवावी. थर बोटाच्या एका पेरापेक्षा कमीच असावा. जाड थराच्या पोटात हवा पोचत नाही, काळे डाग पडतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. गांडूळ वाळूवर न टाकता चिमट्याने तोंडापुढे धरावे.

गंगेची वाळू मात्र नकोच. शहराचे सांडपाणी पोटात घेतलेल्या नदीची ती वाळू. उकळल्याने जंतू मरतील, पण त्यात मुरलेले धातू जात नाहीत, आणि ॲक्सोलोटलची नाजूक कातडी पाण्यातले बरेच काही शोषून घेते. त्या वाळूचे खरे मानकरी वेगळेच आहेत. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये कासवांचे अभयारण्य झाला. ब्रह्माघाट याच पट्ट्यात येतो. २०२० मध्ये येथील अभयारण्य रद्द झाले. पण मादी कासवाला अंडी घालायला अजूनही किनाऱ्याची वाळूच लागते. एकाला वाळूवाचून घर नाही, तर दुसऱ्याच्या घरात तीच नको!

काशीत तळाइतकीच काळजी उन्हाळ्याची. ॲक्सोलोटलला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते, २४ च्या वर तो आजारू लागतो, आणि येथे मे-जूनमध्ये पारा ४० ओलांडतो. तापलेल्या पाण्यात तळाची घाणही झपाट्याने सडते. पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा खर्च झेपणार नसेल, तर मुलांचा हट्ट न पुरवलेला बरा. हा प्राणी सीआयटीईएस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अशा परदेशी प्राण्यांच्या नोंदणीसाठी आपल्याकडे २०२४ मध्ये नियम आले, तेव्हा विकत घेताना दुकानदाराकडून कागदपत्रे मागून घ्यावीत.

टाकीत खडे आधीच घातले असतील तर? ॲक्सोलोटलला तेवढ्या वेळापुरते त्याच टाकीतल्या पाण्याच्या टबात ठेवावे आणि खडे सगळे काढावेत. त्याच दिवशी फिल्टर मात्र धुऊ नये. अमोनिया पचवणारे जीवाणू खड्यांवर आणि फिल्टरमध्ये असतात. दोन्ही एकदम गेले तर पाणी बिघडते. पुढचे काही दिवस थोडे थोडे पाणी बदलत राहावे. काढलेले खडे फेकायला नकोत, धुऊन तुळशीच्या कुंडीत घातले की छान दिसतात.