मोटारीच्या पेटींतील प्रकाशाचा दुवा

रात्रीं-अपरात्रीं विहिरीवर जाणें टळावें म्हणून मोबाइलवरून मोटार चालूं-बंद करणारी पेटी धाराशिव जिल्ह्यांतील कळंब, परंडा, उमरगा या भागांतील शेतकऱ्यांस आतां नवी राहिली नाहीं. या पेटींतील हरभऱ्याएवढ्या, चार पायांच्या काळ्या तुकड्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. त्यास ऑप्टोकपलर म्हणतात.

पेटींत विजेचे दोन दाब शेजारीं नांदतात. एकीकडे तीन फेजचा 415 व्होल्टचा. दुसरीकडे सिमकार्ड व चिप यांचा, अवघा 3 ते 5 व्होल्टचा. फेज आली कीं गेली ही वार्ता चिपला कळली पाहिजे. परंतु तार जोडावी तर वार्तेबरोबर दाबहि येतो. म्हणून तुकड्याच्या एका बाजूस डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा बारीक दिवा व समोर फोटोट्रान्झिस्टर बसविलेला असतो. रेझिस्टरनें रोखलेला कांहीं मिलिअँपियर प्रवाह दिव्यांतून गेला कीं प्रकाश पडतो आणि फोटोट्रान्झिस्टर वाहूं लागतो. दोहोंमध्यें धातूचा दुवा मुळींच नसतो. पीसी 817 या प्रचलित जातीचा तुकडा 5000 व्होल्टची एक मिनिटाची कसोटी सोसतो.

मात्र आंतील दिवा वर्षांनुवर्षें जळून मंदावतो. मग वीज असूनहि पेटी ‘फेज नाहीं’ म्हणते. अशा वेळीं तुकडा बदलण्याऐवजीं दोन्ही बाजू तारेनें परस्पर जोडण्याचा मोह होतो. पेटी चालूं लागते, पण आडोसा नाहींसा होतो. पुढें अँटेनास लागलेला ओला हात थेट फेजशीं जोडला जाऊं शकतो. केवळ दोन बाजूंचे ‘ग्राउंड’ एकत्र केले तरी फळ तेंच. ओल, धूळ व मुंग्यांचें वारूळ तुकड्याच्या पायांमधील अंतर भरून काढतात, तेंहि तितकेंच घातक होय.

यास्तव पेटी घेतांना हा आडोसा आहे कीं नाहीं तें विचारावें. कांहीं स्वस्त पेट्यांत तो नसतो. दुरुस्ती करतांना त्याच क्षमतेचा तुकडा घालावा, आणि मुख्य वीज तोडल्यावांचून झांकण उघडूं नये. मोटारीच्या लोखंडी अंगांत उतरलेली वीज हा तुकडा रोखीत नाहीं. त्यासाठीं पक्कें अर्थिंग हवेंच. चार पायांमधील तें बोटभरहि नसलेलें अंतर राखणें म्हणजे घरचा माणूस राखणें होय.