नमुना पॉझिटिव्ह आला तर काय बोलायचं?

स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर सरावाला येणारे क्रिकेटपटू, सणस मैदानावर धावणारी मुलंमुली आणि जवळच शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीतले पैलवान, यांच्यापैकी कुणीही राष्ट्रीय स्पर्धेत उतरला की त्याची उत्तेजक चाचणी होऊ शकते. प्रशिक्षक तंत्र घोटून घेतात, वस्ताद खुराक ठरवतात. पण अहवाल पॉझिटिव्ह आला तर काय उत्तर द्यायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या दोन नामवंत खेळाडूंवर ही वेळ आली. दोघांची उत्तरं वेगळी होती आणि निकालही वेगळे लागले.

आधी नियम

शरीरात बंदी असलेलं द्रव्य सापडलं, की जबाबदारी खेळाडूची. ते कुणी दिलं, कशातून गेलं, मुद्दाम घेतलं का, हे प्रश्न नंतरचे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे नाडाला, फक्त ते सापडल्याचं दाखवावं लागतं. पुढचं सगळं खेळाडूला पटवून द्यावं लागतं. फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं, इथे उलटं आहे. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण ‘मी निर्दोष आहे, तुम्ही सिद्ध करा’ असं म्हणून बसतात आणि वेळ हातची जाते.

नरसिंग यादव : घातपाताचा दावा

नरसिंग यादव मुंबईत वाढलेला पैलवान, सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्य पोलीस दलात अधिकारी. 2015 च्या जागतिक स्पर्धेत त्यानं 74 किलो गटात कांस्य जिंकून भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. त्या जागेसाठी चाचणी कुस्ती घ्या, म्हणून त्याच गटातला पैलवान सुशील कुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जून 2016 मध्ये न्यायालयानं ती मागणी फेटाळली. त्याच महिन्याच्या 25 तारखेला सोनीपतच्या सराव केंद्रात घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं.

नरसिंगचं उत्तर ठाम होतं : माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी हे मिसळलं. त्यानं पोलिसांत तक्रारही दिली. नाडाच्या शिस्तपालन समितीला हे पटलं आणि 1 ऑगस्टला तिनं त्याला निर्दोष ठरवलं. तो रिओला पोहोचला. पण जागतिक संस्थेनं, वाडानं, क्रीडा लवादाकडे अपील केलं होतं. 18 ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादानं चार वर्षांची बंदी घातली.

लवादापुढे निकालाचं पारडं फिरलं ते आकड्यांमुळे. पेयात एकदाच पूड मिसळली असती तर नमुन्यात द्रव्याचं जे प्रमाण दिसलं असतं, ते इथे जुळत नाही, अशी तज्ज्ञाची साक्ष झाली. गोळीच्या रूपात, एकाहून अधिक वेळा द्रव्य घेतलं असण्याची शक्यता लवादाला जास्त वाटली. घातपाताचा ठोस पुरावाही समोर आला नाही.

नरसिंग खरं बोलत होता का, हे मी इथे ठरवू शकत नाही. पण दुसऱ्यानं काही केलं, हे सांगणं सर्वांत अवघड उत्तर आहे, एवढं या प्रकरणातून स्वच्छ दिसतं. त्याला साक्षीदार हवा, उरलेलं पेय किंवा डबा हवा, आणि प्रयोगशाळेतल्या आकड्यांशी जुळणारी हकिकत हवी. भावनेनं भरलेला देश पाठीशी होता, तरी लवादापुढे त्याचा उपयोग झाला नाही.

पृथ्वी शॉ : चूक कबूल

आता महाराष्ट्राकडून खेळणारा पृथ्वी शॉ तेव्हा मुंबईचा सलामीवीर होता. 22 फेब्रुवारी 2019 ला, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान इंदूरमध्ये, त्याचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन निघालं. खोकल्याच्या बऱ्याच औषधांत ते असतं. बाटलीवरच्या घटकांच्या बारीक अक्षरांत ‘टर्ब्युटालिन सल्फेट’ असं छापलेलंही असतं, पण खोकल्यानं बेजार झालेला माणूस ते वाचत बसत नाही.

शॉनं औषध घेतल्याचं मान्य केलं, हेतू नव्हता असं सांगितलं आणि शिक्षा स्वीकारली. बीसीसीआयनं आठ महिन्यांची बंदी घातली आणि तीही मागच्या तारखेपासून, 16 मार्च ते 15 नोव्हेंबर 2019. मधल्या काळात तो आयपीएल खेळून मोकळा झाला होता, त्यामुळे टीका झाली. ती मला रास्त वाटते. बीसीसीआय तोवर नाडाच्या कक्षेबाहेर होतं. ऑगस्ट 2019 मध्ये ते कक्षेत आलं.

कबुलीमुळे सगळ्यांना असंच सुटता येईल असं मात्र नाही. मेथँडिएनोनसारख्या स्टेरॉइडला मूळ शिक्षाच चार वर्षांची. सर्दीखोकल्याच्या औषधातल्या द्रव्यांना नियम बराच मवाळ आहे.

बेसबॉलमधली उत्तरं

अमेरिकेत बेसबॉलपटू राफेल पाल्मेरोनं मार्च 2005 मध्ये संसदीय समितीपुढे बोट रोखून सांगितलं की मी कधीच स्टेरॉइड घेतलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीत पॉझिटिव्ह आल्यानं तो निलंबित झाला. मार्क मॅग्वायरनं त्याच समितीपुढे भूतकाळाबद्दल बोलायचं टाळलं आणि 2010 मध्ये कबुली दिली. रायन ब्राउनचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. नमुना गोळा करणाऱ्यानं तो लगेच पाठवला नाही, शनिवार-रविवारी घरी ठेवला, या मुद्द्यावर 2012 मध्ये त्याची शिक्षा रद्द झाली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या चौकशीत तो 65 सामन्यांसाठी निलंबित झाला आणि त्यानं माफी मागितली. प्रक्रियेतली त्रुटी दाखवणं हा खेळाडूचा हक्कच आहे. पण त्याच जोरावर जाहीरपणे स्वतःला निष्कलंक म्हणवून घेतलं, की नंतरची कबुली फार महाग पडते.

पहिलं उत्तर नमुना देतानाच

नमुना देताना खेळाडू लघवी स्वतः दोन बाटल्यांत, ‘अ’ आणि ‘ब’, ओततो. बाटल्यांवर क्रमांक असतात, झाकण बसलं की मोडल्याशिवाय उघडत नाही. मग एक फॉर्म भरायचा असतो. त्यात गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहायला जागा असते. घाईत, लाजेपोटी किंवा ‘एवढं काय लिहायचं’ म्हणून पुष्कळ जण ती रिकामी सोडतात. माझ्या मते ही सगळ्यात घातक चूक. खोकल्याचं औषध, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, जिममधल्या मित्रानं दिलेली पावडर, सगळं लिहावं. त्यानं गुन्हा माफ होत नाही, पण पुढे ‘लपवायचं नव्हतं’ म्हणताना हाच कागद कामाला येतो. प्रोटीनच्या डब्यातली थोडी पावडर आणि बिल जपून ठेवावं, डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा. दम्यासारखा आजार असेल तर औषधासाठी वैद्यकीय सवलतीचा अर्ज आधीच करावा.

पत्र हातात पडल्यावर

‘ब’ बाटलीची तपासणी मागता येते. सुनावणी मागता येते, अपीलही करता येतं. चार वर्षांच्या शिक्षेच्या प्रकरणात 20 दिवसांच्या आत आरोप आणि शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं.

या सवलतीबद्दल मला काळजी वाटते. दोषी खेळाडूसाठी ती बरी आहे. पण भेसळीच्या पावडरीनं अडकलेला, गावाकडून तालमीत राहायला आलेला पोरगा वकील आणि तज्ज्ञ कुठून आणणार? 20 दिवस तर त्याला पत्रातली इंग्रजी समजून घेण्यातच जातील, आणि घाबरून तो सही करून मोकळा होईल. राज्यातल्या क्रीडा संघटनांनी अशा वेळी खेळाडूला मराठीत समजावून सांगणारा एक वकील आणि औषधांचा एक जाणकार पहिल्या दिवसापासून द्यावा. बक्षिसांवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या संघटनांना हे न परवडण्यासारखं नाही.