सार्वमताच्या आधीचे आणि नंतरचे नियोजन : गोव्याच्या जनमत कौलाचा अनुभव

दि. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशात जो जनमत कौल घेण्यात आला, त्याला स्वतंत्र भारताच्या घटनात्मक इतिहासात दुसरी जोड नाही. जुनागढमधील सार्वमत फेब्रुवारी १९४८ मधले, म्हणजे राज्यघटना अमलात येण्यापूर्वीचे. सिक्कीममधील सार्वमत एप्रिल १९७५ मधले, ते राज्य म्हणून संघात दाखल होण्याच्या आधीचे. संसदेने कायदा करून भारतीय नागरिकांनाच त्यांच्या प्रदेशाच्या भवितव्याविषयी थेट प्रश्न विचारला, असे आजवर गोवा, दमण व दीवमध्येच घडले आहे. गोव्यातला प्रश्न समाजाला उभा चिरणारा होता. एकाच गावात, काही ठिकाणी एकाच घरात, दोन तट पडले होते. तरीही निकाल लागल्यानंतर तो कोणी उधळून लावला नाही आणि गोव्याचे प्रशासनही कोलमडले नाही. याचे श्रेय गोमंतकीयांच्या समंजसपणाला देण्याचा प्रघात आहे. ते योग्यच आहे. परंतु कौलापूर्वी जी व्यवस्था लावण्यात आली, तिचा वाटाही मोठा होता. कौलानंतरच्या नियोजनाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

विधानसभेतून मतपेटीकडे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला आणि १९६२ मधील बाराव्या घटनादुरुस्तीने तो केंद्रशासित प्रदेश बनला. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली. तीस जागांपैकी अठ्ठावीस जागा गोव्यातील होत्या. त्यांपैकी चौदा जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने आणि बारा जागा युनायटेड गोवन्स पक्षाने जिंकल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मित्रपक्षीय अपक्षांच्या साहाय्याने दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्याकडे विरोधी पक्षाचे नेतृत्व आले.

मगो पक्षाच्या नावातच त्याचे उद्दिष्ट होते. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे, ही त्याची मागणी. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठरावही संमत केला. महाराष्ट्राने त्याचे स्वागत केले, तर तत्कालीन म्हैसूर राज्याने त्यास जोरदार विरोध केला. घटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा असल्याने विधानसभेचा ठराव आधारास घेऊन दिल्लीला निर्णय करता आला असता. तसे झाले नाही.

यामागील युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. १९६३ मध्ये मगो पक्षाला मत देणारा प्रत्येक मतदार विलीनीकरणासाठीच मत देत होता काय? पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतील कुळांना आणि मुंडकारांना भाटकारशाहीच्या जाचातून सुटका हवी होती. बहुजन समाजाला प्रथमच आपला माणूस सत्तेवर बसलेला पाहायचा होता. महाराष्ट्रात कूळकायदा झालेला होता, हे विलीनीकरणाचे एक आकर्षण होते हे खरे. पण भूमिसुधारणेसाठी दिलेले मत आणि प्रदेशाचे स्वतंत्र अस्तित्व संपविण्यासाठी दिलेले मत या एकच गोष्टी नव्हेत. शिवाय मतदारसंघांच्या गणितावर मिळालेल्या निसटत्या बहुमताने पुन्हा न फिरविता येणारा निर्णय व्हावा काय, हाही प्रश्न होता. गोवा काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी हीच बाजू दिल्लीत चिकाटीने मांडली आणि प्रश्न थेट जनतेपुढे नेण्याचा आग्रह धरला.

कौलापूर्वीची आखणी

डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने गोवा, दमण व दीव (जनमत कौल) विधेयक संमत केले. १६ डिसेंबरला त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. मतदानास त्या दिवसापासून बरोबर एक महिना उरला होता. कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रेफरेन्डम’ किंवा ‘प्लेबिसाइट’ हे शब्द नाहीत, ‘ओपिनियन पोल’ आहे. मतदारांची इच्छा जाणून घ्यायची आणि अंतिम अधिकार संसदेकडेच ठेवायचा, असा त्याचा अर्थ होता. व्यवहारात मात्र निकाल मानावाच लागेल, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. गोव्यातील मतदाराने महाराष्ट्रात विलीनीकरण हवे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, एवढेच सांगायचे होते. दमण व दीव येथील मतदारांपुढे महाराष्ट्राऐवजी गुजरातचे नाव होते. निरक्षर मतदारांचा विचार करून चिन्हे देण्यात आली : विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेशासाठी ‘दोन पाने’. स्वतंत्र घटकराज्य हा तिसरा पर्याय नव्हता. विलीनीकरणविरोधकांपैकी अनेकांचे अंतिम ध्येय तेच होते, तरीही तो मतपत्रिकेवर आला असता तर मते तिहेरी विभागली गेली असती आणि कोणत्याच पर्यायाला स्पष्ट बहुमत न मिळण्याचा धोका होता. दोन पर्यायांमुळे उत्तर स्पष्ट मिळाले. केंद्रशासित दर्जा किती काळ आणि त्यानंतर काय, हे मात्र अनुत्तरित राहिले.

आणखी दोन निर्णय निर्णायक ठरले. सत्तारूढ पक्षच वादातील एक पक्षकार असल्याने त्याच्या हाती प्रशासन असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असे युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे होते. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. बहुमत पाठीशी असलेला मुख्यमंत्री, ज्या मागणीसाठी राजकारणात आला तिच्याच निवाड्यासाठी खुर्चीवरून उतरतो, ही घटना आपल्या राजकारणात विरळाच म्हणावी लागेल. दुसरा निर्णय वेळापत्रकाचा. फेब्रुवारी १९६७ मध्ये देशभर सार्वत्रिक निवडणुका व्हायच्या होत्या. कौल त्यांच्यासोबत न घेता आधी आणि स्वतंत्रपणे घेण्यात आला. त्यामुळे सीमांचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न एकमेकांत मिसळले नाहीत.

मतदार कोण, हा वाद मात्र अखेरपर्यंत राहिला. पोटापाण्यासाठी मुंबईत व अन्यत्र गेलेल्या गोमंतकीयांनाही मताधिकार मिळावा, ही विलीनीकरणविरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ज्याचे नाव गोव्याच्या मतदारयादीत, त्यालाच मत, हे तत्त्व कायम राहिले. आणखी एक बाब नमूद करण्याजोगी आहे. हा कायदा संमत झाला तेव्हा केंद्रीय गृहमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. नोव्हेंबर १९६६ मध्येच त्यांनी ते पद स्वीकारले होते. ज्या राज्यात गोवा विलीन व्हावयाचा, त्याचेच पहिले मुख्यमंत्री गृहखाते सांभाळीत असताना कौलाचा निकाल त्या राज्याच्या विरोधात गेला.

मराठीतून मराठीशी वाद

प्रचाराचे वर्णन बहुधा मराठी विरुद्ध कोंकणी, हिंदू विरुद्ध ख्रिस्ती अशा ठोकळ जोड्यांनी केले जाते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. दैनिक ‘गोमन्तक’ने विलीनीकरणाची बाजू घेतली, महाराष्ट्रातून आचार्य अत्रे यांच्यासारखे वक्ते व त्यांचा ‘मराठा’ त्याच बाजूला होते. विरोधी बाजूचे प्रभावी मुखपत्र ठरलेले ‘राष्ट्रमत’ हेही मराठी दैनिकच होते. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील या पत्रात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर प्रसिद्ध होई. मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदाराला मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्ध समजावण्याचे काम त्याने केले. उल्हास बुयांव यांची कोंकणी गीते गावोगाव पोहोचली. मनोहरराय सरदेसाय यांच्यासारखे कवीही या कार्यात उतरले.

मतदारांच्या शंका तात्त्विक नव्हत्या. महाराष्ट्रात त्या वेळी दारूबंदी होती; मग माड-काजूवर जगणाऱ्या रेंदेरांचे व भट्टीवाल्यांचे काय? नोकऱ्यांत बाहेरच्यांची भरती होईल काय? पणजी एका जिल्ह्याचे ठिकाण होऊन प्रत्येक कागद मुंबईला जाणार काय? उलट बाजूस, विलीनीकरण झाले नाही तर भाटकार पुन्हा डोके वर काढतील, ही कुळांची भीतीही तेवढीच खरी होती.

निकाल असा लागला. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळपास ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. ‘दोन पाने’ला १,७२,१९१ आणि ‘फूल’ला १,३८,१७० मते मिळाली. फरक ३४,०२१ मतांचा. संपूर्ण गोवा एक घटक धरून मोजणी झाल्याने मतदारसंघांचे गणित येथे लागू पडले नाही. सासष्टीसारख्या जुन्या काबिजातींत विलीनीकरणाला तीव्र विरोध आणि नव्या काबिजातींत पाठिंबा, असे ढोबळ चित्र दिसले. परंतु गोव्याची लोकसंख्या हिंदुबहुल असताना हा निकाल लागला, याचा अर्थ हिंदू मतदारांच्याही मोठ्या वर्गाने ‘दोन पाने’वर शिक्का मारला होता. दमण व दीव येथेही बहुमत केंद्रशासित प्रदेशाच्याच बाजूने पडले.

हरलेला पक्ष पुन्हा सत्तेवर

कौलानंतर सुमारे दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. मगो पक्षाला सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला बारा. ५ एप्रिलला बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. विलीनीकरण नाकारणाऱ्या मतदारांपैकीच काहींनी विलीनीकरणवाद्यांच्या हाती कारभार सोपविला. बाहेरच्या निरीक्षकाला हे कोडे वाटेल. पण दोन प्रश्न दोन वेळा वेगवेगळे विचारले गेल्यामुळेच अशी दोन वेगळी उत्तरे देणे मतदाराला शक्य झाले. पराभूत बाजूला रस्त्यावर येण्याऐवजी विधानसभेत जाण्याचा मार्ग दोन-अडीच महिन्यांतच खुला झाला, हा या क्रमाचा मोठा लाभ होय. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढण्याचे, कुळांना संरक्षण देण्याचे बांदोडकरांचे कार्य केंद्रशासित चौकटीतच पुढे चालू राहिले. १९६४ च्या कूळकायद्यानंतर मुंडकारांसाठीचा कायदा १९७५ मध्ये आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी हक्क देऊ केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर होत्या. ज्या आशेने कुळांनी ‘फूल’ निवडले होते, ती आशा विलीनीकरणाविनाच बऱ्याच अंशी कायद्यात उतरली.

असे असले तरी कौल जिंकलेल्यांना काय मिळाले, याचा विचार कौलापूर्वी कोणीच केलेला नव्हता. घटकराज्याचा दर्जा केव्हा व कोणत्या टप्प्यांनी, याची कालमर्यादा कायद्यात नव्हती. त्यासाठी वीस वर्षे लागली. भाषेचे तर नावही मतपत्रिकेवर नव्हते, आणि विझलेला वाटणारा वाद तिथेच धुमसत राहिला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेच्या प्रश्नावर १९८५-८६ मध्ये आंदोलन पेटले, डिसेंबर १९८६ मध्ये हिंसाचारात माणसे दगावली. अखेर ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापराची तरतूद करण्यात आली. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य बनले. १९६७ च्या मतदानाला एकही बळी न देणाऱ्या समाजाला त्याच मतदानाने मागे ठेवलेल्या प्रश्नासाठी वीस वर्षांनी रक्त सांडावे लागले, ही नोंद नियोजनाच्या दृष्टीने गंभीर आहे.

तुलनेसाठी दोन-तीन उदाहरणे

त्याच काळात महाराष्ट्र-म्हैसूर सीमाप्रश्नासाठी केंद्राने वेगळा मार्ग निवडला होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवणारा हा अहवाल महाराष्ट्राने स्वीकारला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. गोव्यात लोकांना विचारले गेले आणि सीमेचा वाद मिटला. बेळगावात तज्ज्ञाला विचारले गेले आणि वाद उरला, असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण सीमाभागातील सरमिसळ वस्तीत मतदानाचा घटक गाव धरायचा की तालुका, हाच मूळ तंटा आहे. गोव्याला आखीव हद्द होती, ही त्याची मोठी सोय.

परदेशांत पाहिल्यास स्कॉटलंडचे उदाहरण गोव्याच्या जवळ जाते. २०१२ च्या एडिंबरा करारात लंडन व एडिंबरा येथील सरकारांनी आधीच नियम ठरविले. सप्टेंबर २०१४ मध्ये ८४.६ टक्के मतदान होऊन सुमारे ५५ टक्के मते स्वातंत्र्याविरुद्ध पडली आणि निकाल दोन्ही सरकारांनी मानला. याउलट युरोपीय संघ सोडण्याविषयी ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी घेतलेल्या सार्वमतात ‘बाहेर पडणे’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरलेले नव्हते. विपरीत निकाल लागल्यास काय करायचे, याची तयारी शासनाने हेतुतः टाळल्याबद्दल तेथील संसदीय समितीने नंतर कडक शब्दांत टीका केली. ५२ विरुद्ध ४८ टक्के असा निकाल लागताच दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी पद सोडण्याची घोषणा केली. प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडले.

१६ जानेवारी हा दिवस गोव्यात ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी मतदान केलेले दमण व दीव मात्र १९८७ मध्ये गोव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश बनले. पुढे २०१९ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानुसार २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेलीशी त्यांचे एकत्रीकरण झाले. या दोन्ही वेळी तेथील मतदारांना पुन्हा प्रश्न विचारण्यात आला नाही. अनुच्छेद ३ नुसार तशी आवश्यकताही नव्हती.